दहा दिवस

फराळाचे ताट पुढ्यात असताना आजारपणाची भाषा करू नये, असे वडीलधारी माणसे सांगत. पण याच दिवसांत चकलीची कढई तापलेली असते, अंगणात फटाके फुटत असतात, पोरे या दोहोंच्या मधून धावत असतात आणि नेहमीचे डॉक्टर नेमके गावाला गेलेले असतात. तेव्हा हा विषय दिवाळीचाच म्हटला पाहिजे.

मी ठाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. आनंदीबाई जोशी यांचे नाव आले की मी मुलांना आवर्जून सांगतो, ही आपल्या शेजारची बरे का, कल्याणची! ३१ मार्च १८६५ ला तिथे जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी टपालखात्यातल्या गोपाळराव जोशांशी लग्न होऊन ती आनंदी झाली. पुढचे मुलांना पाठ असते. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघालेली बोट, फिलाडेल्फियाचे महाविद्यालय, ११ मार्च १८८६ ची पदवी, आणि बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आलेला मृत्यू. या गर्दीत एक वाक्य घाईघाईने येऊन जाते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि तो दहा दिवसांत गेला. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. मला मात्र सारी बोट त्या वाक्यापासून सुटलेली दिसते.

योगायोग असा, की त्याच सुमारास, १८७८ साली, लंडनजवळच्या वुलिच येथे पीटर शेफर्ड नावाचे लष्करी शल्यवैद्य आणि कर्नल फ्रान्सिस डंकन यांनी सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग काढले. आदल्याच वर्षी सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली होती. शेफर्ड स्वतः २२ जानेवारी १८७९ ला झुलूंविरुद्धच्या लढाईत मारले गेले, पण विद्या पसरली. रेल्वे, खाणी, कारखाने, पोलीस. जिथे जिथे माणूस यंत्राखाली सापडे तिथे पट्ट्या, खपच्या आणि झोळी पोहोचली. आपल्या बाजूला आगगाडी १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला आली होती. पण ही सारी विद्या जखमी बाप्यांची. रक्त थांबवणे, मोडलेले हाड बांधणे तीत होते. पाळण्यातल्या बाळाला धाप लागली तर आईने काय करावे, हे तीत नव्हते.

घरात होता तो आजीबाईचा बटवा. त्याला सरसकट हसणारी माणसे मला आवडत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, बाळाला गुंडाळून ठेवणे, आईला बाळाजवळून हलू न देणे, यांत मोठे शहाणपण होते. पण त्याच खोलीत बाळाला जन्मल्याबरोबर न्हाऊ घालून गारठवीत, आणि आईचे पहिले पिवळसर चीकदूध काढून टाकून मध चाटवीत. भाजण्याचेही तसेच. स्कॉटलंडमधल्या कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना जवसाचे तेल आणि चुन्याची निवळी घोटून लावीत. ‘कॅरन तेल’ हे नाव त्यावरूनच पडले. आमच्याकडे जवसाच्या जागी खोबरेल, एवढाच फरक. शिवाय शाई, हळद, आणि अलीकडे दाताची पेस्ट! खरे औषध नळाला असते. भाजल्याबरोबर साधे गार पाणी, बर्फ नव्हे, वीस मिनिटे त्या भागावर वाहू द्यायचे. मूल कुडकुडू लागले तर बाकीचे अंग पांघरुणात ठेवायचे. आधी तेल चोपडले तर उष्णता आतच राहते. फोड फोडू नयेत. मोठे भाजले असेल, चेहऱ्याला वा हाताला असेल, तर पाणी घालून झाल्यावर स्वच्छ फडके सैलसर टाकून दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठा घात मात्र पाण्यावाचून झाला. जुलाब लागलेल्या मुलाला पाणी पाजले तर जुलाब वाढतील, या समजुतीने घरोघर त्याचे पाणी तोडीत. तहानेने कासावीस झालेले पोर माठाकडे बोट दाखवते आहे आणि त्याचीच माणसे मायेपोटी त्याला अडवताहेत, याहून क्रूर माया मला माहीत नाही. आतड्यातून साखर आत शिरताना मीठ बरोबर नेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, जुलाब चालू असतानाही जाते, हे १९६० नंतरच्या दशकात संशोधकांना कळले होते. पण आईच्या हाती ते दिले १९७१ च्या संकटाने. बांगलादेशाच्या युद्धात बंगालच्या सीमेवर बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करविल्या, पाण्याची पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातलगांनाच पेल्याने पाजायला लावले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. डॉक्टर पुरत नव्हते म्हणून आया परिचारिका झाल्या, आणि त्यांना ते काम उत्तम जमले!

आज ती पुडी प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. तरी मोठी पुडी थोडी थोडी करून पेल्यात कालवणारे सुशिक्षित मी पाहतो. एक लिटरची पुडी पुऱ्या एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी, चोवीस तासांत संपवावी, उरलेले ओतून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात सढळ झाला तर ते विषासमान. चमच्या-चमच्याने पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, पिईना, शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नये.

राहता राहिले नवजात बाळ. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच निघाले, तेही मुंबई-पुण्यात नव्हे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत त्याच गावच्या, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी, श्वास न घेणाऱ्या बाळाला वारा देण्याची फुग्यासारखी पिशवी आणि जंतुसंसर्गावरची औषधे. बाळ ऊबदार ठेवणे, लगेच अंगावर पाजणे, मिनिटभर त्याचे श्वास मोजणे. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत शेकडा ६२ ने घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले.

२०११ पासून याच धर्तीवर सरकारच्या आशा कार्यकर्त्या देशभर बाळंतिणींच्या घरी जातात. बाळंतपण घरी झाले असेल तर भेटींचे दिवस ठरलेले आहेत: पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आनंदीबाईंच्या बाळाच्या वाट्याला जे दहा दिवस आले, त्यांत यांतल्या तीन भेटी बसल्या असत्या.