झेयावडी : नांव आणि वसाहत

रंगून–मंडाले लोहमार्गावर टौंगूच्या दक्षिणेस झेयावडी म्हणून एक लहानसें गांव आहे. आपल्या कानास तें एखाद्या वाडीचें नांव वाटतें. परंतु हा केवळ ध्वनिसाम्याचा भ्रम होय. हंथावडी म्हणजे जशी हंसावती, तशी झेयावडी म्हणजे पालींतील जेय्यवती. ब्रह्मी उच्चारांत ‘ज’ चा ‘झ’ होतो, हें ध्यानीं ठेविल्यास व्युत्पत्ति सरळ आहे.

नांव असें पाली. वस्ती मात्र भोजपुरी. १८८५ च्या युद्धांत उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांच्या हातीं गेला, १८८९ त आगगाडी मंडाल्यास पोंचली, आणि त्या शतकाच्या अखेरीस येथील जंगल-जमीन डुमरांव राजचे दिवाण जयप्रकाश लाल यांस मिळून बिहारांतील कुळें येथें आणून वसविण्यांत आलीं. पुढें उंसाची लागवड व साखरेचा कारखाना झाला. १९४४-४५ त आझाद हिंद सेनेचा तळही येथें होता.

१९४८ च्या कायद्यानें शेतजमिनींच्या राष्ट्रीयीकरणाचा पाया घातला गेला. १९८२ च्या नागरिकत्व-कायद्यानें तर १८२३ पूर्वींचा वास हीच मूळ कसोटी ठरविली. हीं कुळें त्यानंतर सुमारें सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीं आलेलीं! अशांच्या वंशजांस ४ जानेवारी १९४८ पूर्वींच्या वास्तव्याचा निर्णायक पुरावा दाखवावा लागतो. तेथें खंडाची एखादी जीर्ण पावतीही ताम्रपटाच्या तोलाची होते. बिहारांतील जमीनदारी कागद पुष्कळदां कैथी लिपींत लिहिले जात. म्हणून झेयावडीच्या कागदांच्या मागें लागणारानें मोडीबरोबर कैथीही शिकून घ्यावी, आणि पहिला शोध डुमरांवकडे करावा.