कांचेच्या पेटींतील तळें

दिवाणखान्यांत ठेवलेल्या कांचेच्या पेटींत हिरव्या पाणवनस्पतींमधून मासे संथपणें फिरतांना पाहिले म्हणजे हा केवळ शोभेचा प्रकार असावा असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या पेटीचा इतिहास पाहूं गेलें तर ती शोभेसाठीं जन्मास आलेली नाहीं असें आढळून येतें. ती जन्मास आली एका शास्त्रीय प्रश्नांतून. मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो तेंच पाणी तो क्षणोक्षणीं दूषित करीत असतो. मग जगांतील तळीं आणि सरोवरें आजवर नासून कां गेलीं नाहींत? प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्याचें पुरतें उत्तर हातीं येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

मासे पाळण्याची हौस कांहीं नवी नव्हे. चीन देशांत सोनेरी मासे कित्येक शतकांपासून पाळले जात होते, आणि सतराव्या शतकांत ते युरोपांत पोंचले. तेथील श्रीमंतांच्या घरीं कांचेच्या गोल भांड्यांतून हे मासे दिसूं लागले. पण त्या भांड्यांत पाणी व मासा यांशिवाय तिसरें कांहीं नसे. पाणी वेळच्या वेळीं बदललें तर मासा जगे. न बदललें तर तो वर येऊन तोंडाची उघडझांप करूं लागे आणि लवकरच मरे. त्या काळीं मासे पाळणें म्हणजे पाणी बदलणें, एवढाच त्याचा अर्थ होता.

उत्तराचा पहिला धागा सांपडला तो पाण्यांत नव्हे, हवेंत. इंग्लंडांतील लीड्स येथें जोसेफ प्रीस्टले यानें 1771 सालीं एका बंद भांड्यांत मेणबत्ती जळूं देऊन तेथील हवा निकामी केली आणि तींत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. कांहीं दिवसांनीं पाहतो तों त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं लागली. प्राण्यानें किंवा ज्योतीनें बिघडविलेली हवा वनस्पति सुधारते, हें त्यावरून दिसून आलें. पुढें 1779 सालीं यान इंगेनहाउस या डच वैद्यानें पाण्यांत बुडविलेल्या पानांवर उठणारे बुडबुडे तपासून दाखवून दिलें कीं, हें काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो आणि तेंही सूर्यप्रकाशांतच. अंधारांत वनस्पति प्राण्यांप्रमाणेंच हवा बिघडविते. हा दुसरा भाग पुष्कळांनीं नीट लक्षांत ठेवला नाहीं. त्याचा परिणाम पुढें दिसेलच.

यानंतरचा टप्पा मात्र अगदीं योगायोगानें गांठला गेला. लंडनच्या पूर्व भागांत नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचे एक डॉक्टर राहत असत. त्यांना नेच्यांची अतोनात आवड. पण शहरांतील धुरामुळें त्यांच्या अंगणांतले नेचे जगत नसत. 1829 च्या सुमारास त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत पुरून तो कांचेच्या बरणींत झांकून ठेवला होता. त्या मातींतून एक नेचा व थोडें गवत आपोआप उगवलें. दिवसा मातींतील ओल कांचेवर जमे आणि पुन्हां मातींतच परते. झांकण न उघडतां तीं रोपें वर्षानुवर्षें जगलीं. मग वॉर्ड यांनीं कांचेच्या बंद पेट्या तयार करविल्या, आणि 1833 सालीं अशा पेट्यांतून रोपें जहाजानें थेट ऑस्ट्रेलियास सुखरूप पोंचलीं. आपल्या देशाशीं या पेटीचा संबंध निकटचा आहे. 1848 नंतर रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधून चहाचीं जीं रोपें हिमालयाच्या पायथ्याकडील मळ्यांसाठीं आणलीं, तीं याच पेट्यांतून आणलीं होतीं.

झाडासाठीं जें साधलें, तें माशासाठीं कां साधूं नये ? कांचेच्या पाणपेट्यांत जलचर ठेवून निरीक्षण करण्याची कल्पना जान व्हिलप्र-पॉवर या विदुषीनें सिसिली बेटावर 1832 च्या सुमारासच अमलांत आणली होती. परंतु गोड्या पाण्यांत वनस्पति व मासे यांचा हिशेब मांडून तो जुळवून दाखविला रॉबर्ट वॅरिंग्टन यानें. हा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेंतील रसायनज्ञ. त्यानें 1849 सालीं बारा गॅलन, म्हणजे सुमारें 54 लिटर, मावेल असें कांचेचें पात्र घेतलें, तें अर्धें पाण्यानें भरलें, तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले, लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति त्यांत लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले.

आरंभीं सर्व ठीक चाललें. पण लवकरच वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें आणि कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. केवळ दोघांची जोडी जमवून संसार चालत नाहीं, हें वॅरिंग्टनच्या ध्यानीं आलें. निसर्गांतील डबक्यांत हें कुजकें कोण खातें, याचा विचार करून त्यानें तळ्यांतील पांच-सहा गोगलगायी आणून पात्रांत सोडल्या. त्यांनीं सडकीं पानें व शेवाळ फस्त केलें, त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांना अन्न म्हणून मिळालीं, पाणी निवळलें. हा सारा वृत्तांत त्यानें 1850 सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें ठेवला. वनस्पतियुक्त मत्स्यालयाचा जन्म या निबंधांत झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इंग्लंडांत कांचेवरील कर 1845 सालींच उठला होता, त्यामुळें कांच स्वस्त झाली होती. 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें गेलें आणि पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हें पुस्तक बाहेर पडलें. झालें, घरोघर पेट्या दिसूं लागल्या ! पण ही लाट जितक्या वेगानें आली तितक्याच वेगानें दहा-एक वर्षांत ओसरली. लोकांनीं पेट्या थेट उन्हाच्या खिडकींत ठेवल्या, त्यांत प्राणी दाटीनें भरले आणि वनस्पति आहेत तेव्हां आतां पाण्याकडे पाहण्याचें कारण नाहीं, अशी समजूत करून घेतली. रात्रीं त्याच वनस्पति माशांच्या वांट्याचा प्राणवायु घेतात, हें इंगेनहाउसचें म्हणणें ते विसरले होते.

शिवाय त्या हिशेबांत एक रकम मुळींच धरलेली नव्हती. मासा केवळ कार्बन डायऑक्साइड सोडतो असें नव्हे, तर अमोनियाही सोडतो, आणि तो माशास विषासमान आहे. त्याचें पुढें काय होतें ? 1877 सालीं श्लोसिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सांडपाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. नंतर मात्र अमोनियाच्या जागीं नायट्रेट उतरूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें. अर्थात् हें काम निर्जीव वाळूचें नसून तींत वसणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें होतें.

या संशोधनास इंग्लंडांत ज्यांनीं पुढें नेलें, त्यांत रॉथॅमस्टेड येथील कृषिरसायनज्ञ प्रमुख होते. त्यांचेंही नांव रॉबर्ट वॅरिंग्टन. हे त्या पहिल्या वॅरिंग्टनचे चिरंजीव. सोनेरी माशांच्या प्रयोगाच्या वेळीं त्यांचें वय दहा-अकरा वर्षांचें होतें. अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट असें दोन टप्प्यांत रूपांतर होतें आणि हे दोन टप्पे निरनिराळे जंतु पार पाडतात, हें त्यांनीं शेतांतील मातीवर प्रयोग करून दाखविलें. ते जंतु शुद्ध स्वरूपांत वेगळे करण्याचा मान मात्र 1890 सालीं व्हिनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास मिळाला. वडिलांनीं वाळू व चिखल केवळ मुळांना आधार म्हणून घातला होता. त्या पात्रांतील सर्वांत कष्टाळू रहिवासी त्याच वाळूंत दडलेले होते. मुलानें आयुष्याचीं कित्येक वर्षें ज्यांच्या शोधांत घालविलीं, ते त्याच्या बापाच्या पात्रांत आधींच कामास लागले होते.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे मत्स्यालयाचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात. प्राणवायु पाण्याच्या पृष्ठभागावरूनही आंत शिरतो, म्हणून पेटी उंच व अरुंद नसावी, पसरट असावी. तळाशीं धुतलेली वाळू घालून प्रथम वनस्पति लावाव्या आणि तीन-चार आठवडे धीर धरावा. श्लोसिंगचे वीस दिवस येथेंही टळत नाहींत. मग दोन-चार लहान मासे सोडावे, आणि ते दोन-तीन मिनिटांत संपवितील इतकेंच अन्न त्यांना घालावें. प्रकाश रोज आठ तासांच्या आसपास पुरे. अधिक झाल्यास पानांपेक्षां शेवाळच माजतें. नायट्रेट वनस्पति शोषून घेतात, पण सर्व नव्हे. म्हणून दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंच्या नाशासाठींच घातलेला असतो. तेव्हां तो काढून टाकल्यावांचून तें पाणी पेटींत ओतूं नये, आणि गाळणीचा स्पंजही नळाखालीं न धुतां पेटींतून काढलेल्या पाण्यांतच खळबळून घ्यावा.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू. गॉसच्या पुस्तकानें भारलेले लोक डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतील रम्य डबकीं त्यांनीं ओरबाडून नेलीं. त्याचा पुत्र एडमंड गॉस यानें 1907 सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत याबद्दल खेद व्यक्त केला आहे. हें दूरदेशचें व जुन्या काळचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील केरळच्या नद्यांत तांबड्या पट्ट्याचा एक देखणा मासा आढळतो. 2013 सालीं त्याच्या कुळास ‘सह्याद्रिया’ हें नांव देण्यांत आलें. मत्स्यालयांसाठीं तो इतका पकडला गेला कीं आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.

1951 सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून कित्येक पिढ्यांतील मुलांनीं मासा हा बाजारांतील टोपलीबाहेरही प्रथम तेथेंच पाहिला. कांचेपलीकडील जीवाविषयीं आस्था निर्माण करण्याचें सामर्थ्य या पेटींत निश्चित आहे. पण वॅरिंग्टनच्या पात्रालाही बाहेरून गोगलगायी आणाव्या लागल्या होत्या. कोणतीही पेटी स्वयंपूर्ण नसते. तिच्यांतील प्रत्येक जीव कोठल्या तरी पाण्यांतून आलेला असतो. मासा विकत घेतांना तो कोठून आला, हें दुकानदारास विचारावें. नदींतून धरलेला असेल तर तो तेथेंच ठेवून, पैदास करून वाढविलेला मासा घरीं आणावा. नदीचा हिशेब बिघडवून दिवाणखान्यांतला जुळविण्यांत शहाणपण नाहीं.