मंडईच्या खाली काय आहे?

आजचा एपिसोड आईमुळे सुचला. ती उमरीहून पुण्याला आली होती आणि तिला तुळशीबागेत जायचं होतं. म्हटलं, रिक्षा नको, मेट्रोनं जाऊ. पिंपरीहून निघालो, खिडकीतून पूल-बिल्डिंगा बघत होती, आणि शिवाजीनगरच्या आधी गाडी एकदम जमिनीखाली शिरली. मंडई स्टेशनला उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न: "अरे, एवढं खाली कामून नेलंस? इथं पाणी लागत नाही का?"

मराठवाड्यातल्या माणसाचा प्रश्न आहे हा. आपल्याकडे जमिनीत खोल जायचं ते फक्त पाण्यासाठी. याच लाईनवरचं जिल्हा न्यायालय स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे १०८ फूट. आमच्याकडे उन्हाळ्यात एवढ्यावर बोअरवाला मशीनसुद्धा थांबवत नाही.

पण पुण्याच्या पेठांत वरून खोदायला जागाच नव्हती. वर वाडे, बोळ, दुकानं, देवळं. म्हणून स्टेशनं तेवढी वरून खणली आणि मधले बोगदे मशीननं केले. पुढं फिरणारं चाक बेसॉल्ट कुरतडत जातं, मागं लगेच काँक्रीटचे तुकडे जोडून कडं बसवलं जातं. मशीनांना नावं दिली होती मुळा, मुठा आणि पवना. गंमत म्हणजे हा बोगदा खऱ्या मुठेच्या पात्राखालूनही जातो. २०२२ च्या जूनमध्ये बोगद्यांचं खोदकाम संपलं आणि २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा तुकडा सुरू झाला. त्याआधी तीन दिवस होणारं उद्घाटन पावसानं पुढं ढकललं होतं. एवढा खर्च जमिनीखाली, आणि अडवलं आभाळानं!

तसं पुण्याला जमिनीखालची कामं नवीन नाहीत. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळातून पाणी आणलं होतं. पेठांतले हौद त्याच पाण्यावर भरायचे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग पाणी होतंच की!"

आता खरी गोष्ट. स्टेशनमधून वर आलात की समोर ती दगडी मंडई दिसते. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेले पंख. १८८६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा.

ही इमारत बांधायचं चाललं होतं तेव्हा एका माणसानं विरोध केला. जोतीराव फुले. ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला. त्यांचं कुणी ऐकलं नाही, मंडई झालीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकारानं मंडईला नाव मिळालं, महात्मा फुले मंडई! मला वाटतं जोतीराव आधी हसले असते आणि मग पुन्हा हिशोब विचारला असता.

आणि हिशोब विचारायचा त्यांना अधिकार होता, कारण ते स्वतः बांधकाम कंत्राटदार होते. हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही (निदान मला तरी नाही सांगितलं). पुना कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीत ते होते. येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा, या दोन्ही कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बोगद्यावर मजूर कसा राबतो, बिलात पैसा कुठं मुरतो, हे त्यांनी जवळून बघितलं होतं. म्हणजे विरोध करणारा माणूस 'विकास नको' म्हणणारा नव्हता. बांधकामाला त्याची ना नव्हतीच, त्याचा प्रश्न होता आधी काय बांधायचं.

मी इंजिनियर आहे, मला मेट्रो आवडते. खोटं कशाला बोलू? पण आमच्या उमरीतून निजामाच्या काळात टाकलेल्या लाईनवरून गाड्या जातात, आणि लहानपणी आमचं जग त्या फलाटापाशीच सुरू व्हायचं. पुण्यात दर पाच-दहा मिनिटाला गाडी येताना बघून जोतीरावांचा तो प्रश्न मलाही टोचतो.

आणि बघा, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं पुढचा टप्पा मंजूर केला, स्वारगेट ते कात्रज, साधारण साडेपाच किलोमीटर, तोही पूर्ण जमिनीखालून. म्हणजे फुल्यांच्या मंडईखालून निघालेली मेट्रो आता फुल्यांच्या बोगद्याच्या दिशेनं चालली आहे.

तुळशीबागेतून दोन पिशव्या भरून परत येताना मी हे सगळं आईला सांगितलं. ती जिन्याशी थांबली. "म्हणजे, जो नको म्हणला त्याचंच नाव दिलं?"

"हो."

"बरं. लिफ्ट कुठं आहे बघ, पिशव्या जड झाल्यात."