शरणपूर-नाशिक येथील बिशपशासित ख्रिस्ती मंडळी : तिचे धर्मसेवक व गायक-वादक

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत आणि तिच्या आश्रयाने पुढे जिल्हाभर पसरलेल्या अँग्लिकन पंथाच्या मंडळीत उपासनेचा भार दोन वर्गांनी वाहिला. एक दीक्षित धर्मसेवकांचा, ज्यांचा अधिकार बिशपच्या हस्तस्पर्शाने व सहीशिक्क्याच्या सनदेने सिद्ध होतो. दुसरा गायक-वादकांचा, ज्यांना अशी कोणतीच सनद मिळत नाही. पहिल्या वर्गाची नावे मिशनच्या दप्तरात तारीखवार सापडतात. दुसऱ्याची बहुधा सापडत नाहीत, आणि या नोंदीतही तो दोष पुरता भरून निघालेला नाही.

‘एपिस्कोपल’ हे विशेषण ‘एपिस्कोपोस’ या ग्रीक शब्दापासून आलेले असून त्याचा धात्वर्थ ‘वरून पाहणारा, देखरेख करणारा’ असा आहे. मराठी नव्या कराराच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजला, आणि ‘अधि’ व ‘अक्ष’ ही त्याची फोड पाहता याहून समर्पक प्रतिशब्द सापडणे कठीण होते. त्याच भाषांतरात उरलेल्या दोन पदांना ‘वडील’ आणि ‘सेवक’ म्हटले आहे. व्यवहारात मात्र लोकांनी हे तिन्ही सुंदर शब्द पुस्तकातच ठेवले व बिशप, पाळक (किंवा पाद्री) आणि डीकन हीच नावे तोंडी रुळवली. इंग्लंडच्या राजसत्तेशी बांधलेल्या चर्चला ‘चर्च ऑफ इंग्लंड’ हे नाव पडले, तर राजाशी नाते नसलेल्या स्कॉटलंड व अमेरिकेतील त्याच परंपरेच्या चर्चांनी ‘एपिस्कोपल’ हे नाव धारण केले. हिंदुस्थानातील शाखा प्रारंभी पहिल्या प्रकारात मोडत होती आणि 1930 साली, ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ या नावाने स्वायत्त झाल्यावर, दुसऱ्या प्रकाराच्या जवळ आली.

अधिकाराची उतरंड अशी : डीकनने वचन वाचावे, गोरगरिबांचा समाचार घ्यावा, प्रभुभोजनाच्या विधीत साहाय्य करावे; परंतु भाकर व द्राक्षारस यांवर आशीर्वचन उच्चारण्याचा हक्क पाळकाचाच, आणि नव्या पाळकास दीक्षा देण्याचा व बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करण्याचा हक्क केवळ बिशपचा. स्वतः बिशपची प्रतिष्ठापना होताना निदान तीन बिशपांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवावे लागतात. या उतरंडीच्या खाली, आणि दीक्षेच्या कक्षेबाहेर, उपदेशक (ज्यांना मिशनच्या कागदांत ‘कॅटेकिस्ट’ म्हटलेले असते), शाळामास्तर व बायबलबाई हा मोठा समुदाय असे. खेड्यापाड्यांतील रविवारची उपासना वर्षाचे बहुतेक दिवस याच माणसांनी चालवली, कारण पाळकाची फेरी प्रत्येक गावी क्वचितच होई.

कंपनी सरकारच्या 1813 च्या सनदेने कलकत्त्यास बिशप व तिन्ही इलाख्यांत आर्चडीकन नेमण्याची तरतूद झाली. मुंबईस स्वतंत्र बिशप 1837 मध्ये मिळाला व त्या पदावर टॉमस कार हे पहिले गृहस्थ आले. येथे दोन प्रकारच्या पाद्र्यांमधील भेद ध्यानी ठेवणे अवश्य आहे, कारण तो न कळल्याने पुष्कळ जुने उल्लेख गोंधळाचे होतात. सरकारी तनख्यावरचे ‘चॅप्लेन’ हे मुलकी अंमलदार व लष्करी छावण्या यांच्यासाठी तैनात असत, आणि देवळालीसारख्या छावणीत धर्मविधी करणारा पाद्री हा या अर्थी सरकारी नोकरच होता; मिशनचे पाद्री मात्र विलायतेतील वर्गणीवर पोसलेल्या संस्थांचे असून त्यांचे लक्ष एतद्देशीयांकडे असे. पहिल्या प्रकारच्या पाद्र्याची उपासना इंग्रजीत आणि दुसऱ्याची मराठीत, त्यामुळे पाच-सात मैलांच्या अंतरात एकाच प्रार्थनापुस्तकाचे दोन निराळे संसार चालत. देवळालीचे बार्न्स स्कूल (1925) हे पहिल्या परंपरेचे अपत्य; त्याचे मूळ मुंबईच्या आर्चडीकन बार्न्स यांनी 1815 मध्ये काढलेल्या शिक्षणसंस्थेत आहे.

नाशकात चर्च मिशनरी सोसायटीने 1832 मध्ये ठाणे घातले. आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी चार्ल्स फॅरर यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे कँटरबरीचा डीन व इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजला. शरणपूर मात्र विल्यम सॉल्टर प्राइस यांची निर्मिती. 1854-55 च्या सुमारास, जातीबाहेर पडल्यामुळे ज्यांना घर, विहीर व रोजगार यांपैकी काहीच उरत नसे अशा नवख्रिस्त्यांसाठी त्यांनी ही वस्ती उभारली आणि शाळा, अनाथालय, सुतारशाळा, लोहारशाळा व देऊळ अशी तिची रचना केली. ‘शरण आलेल्यांचे पूर’ हा नावाचा अर्थ उघड आहे. तीर्थक्षेत्री, रामकुंडापासून हाकेच्या नव्हे पण टप्प्याच्या अंतरावर, असे नाव निवडणाऱ्याच्या धाडसाला वा चातुर्याला दाद द्यावी लागते.

या वस्तीचे सर्वांत विलक्षण प्रकरण आफ्रिकन मुलांचे आहे. हिंदी महासागरात आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या गलबतांतून सुटलेली मुले मुंबईस उतरवली जात, आणि त्यांतील पुष्कळांना शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये ठेवून अक्षरओळख व हुन्नर शिकवला जाई. मराठी व इंग्रजी बोलणारी, इंग्रजी प्रार्थनापुस्तक जाणणारी ही मुले आफ्रिकेत ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखली गेली. 1866 च्या सफरीत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी त्यांतले नऊ जण बरोबर नेले. पुढे 1872 मध्ये आणखी काही धाडले गेले, व त्यांत जेकब वेनराइट होता. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथील वृक्षाखाली पुरताना दफनविधीचा पाठ वेनराइटने वाचला. जवळपास पाद्री नव्हता, डीकनही नव्हता. शरणपूरच्या शाळेत प्रार्थनापुस्तक शिकलेला, दीक्षेचा कोणताही अधिकार नसलेला एक मुक्त गुलाम होता, आणि त्याने ते काम केले. पुढील वर्षी, 18 एप्रिल 1874 रोजी, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंग्स्टन यांचे दफन झाले तेव्हा त्यांची शवपेटिका धरणाऱ्यांत वेनराइटही होता. नाशिकच्या धर्मसेवकांच्या यादीत त्याचे नाव नसते. या कोशकारास ते असावे असे वाटते.

दीक्षित आफ्रिकनांचा मान विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांना मिळाला. 1864 मध्ये नाशकाकडून मोंबासास गेलेल्या या दोघांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी फ्रिअरटाउन येथे डीकनची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रवासात हॅनिंग्टन यांचा वध झाल्यावर त्यांचा उरलेला तांडा किनाऱ्यावर परत आणण्याची कामगिरी जोन्सने पार पाडली. फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहतही शरणपूरचीच लेक म्हणावी अशी आहे : प्राइस स्वतः 1874 च्या अखेरीस तेथे गेले, आणि मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिचे नाव पडले. गुलामांच्या धाडीची इशारत देण्यासाठी तेथे टांगलेल्या घंटेवरून त्या भागाला स्वाहिलीत ‘केंगेलेनी’, म्हणजे ‘घंटेपाशी’, हे नाव आजही चालते.

एतद्देशीय धर्मसेवकांत आरंभी पारशी नावे ठळकपणे दिसतात, ही गोष्ट वाचकास चमत्कारिक वाटेल. रतनजी नवरोजी यांनी दीक्षा घेऊन आयुष्याचा मोठा भाग औरंगाबादच्या मिशनला दिला. शरणपूरशी निगडित दुसरे पारशी गृहस्थ सोराबजी करसेटजी. त्यांची कन्या कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म 1866 मध्ये नाशकात झाला व पुढे तिने ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला. महाराष्ट्रीय ब्राह्मण दीक्षितांपैकी विद्वत्तेने अग्रेसर नीळकंठशास्त्री (नेहेमिया) गोरे यांचा जन्म झांशीकडचा व मोठे होणे काशीचे. ते नाशिकचे नव्हेत, तरी उत्तरायुष्यात पुणे-मुंबईकडे त्यांचे वास्तव्य झाल्यामुळे या परंपरेत त्यांना वगळता येत नाही. त्यांच्या कन्येने, एलेन लक्ष्मी गोरे यांनी, लिहिलेले एक इंग्रजी भक्तिगीत जगभरच्या गीतसंग्रहांत गेले आणि स्वतः त्या 1897 मध्ये ‘डीकनेस’ झाल्या. वडिलांचा वारसा पोथीचा, लेकीचा गाण्याचा. एकाच घरात धर्मसेवक व गीतकार यांची अशी वाटणी झालेली पाहून मौज वाटते.

नाशिकचे स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून अस्तित्व 1929 पासूनचे असून पहिले बिशप फिलिप हेन्री लॉइड हे 1944 पर्यंत या पदावर होते. तेथून ते इंग्लंडात सेंट ऑल्बन्स येथे गेले. सरकारी चॅप्लेनांची पद्धती स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये, संपुष्टात आली, आणि मंडळीचा खर्च मंडळीनेच उचलण्याचा काळ सुरू झाला.

आता संगीत. येथे दप्तर मुके होते आणि कान उपयोगी पडतो. अँग्लिकन उपासनेत स्तोत्रे गाण्याची जी पद्धत आहे, तिच्यात अर्ध्या ओळीचा बहुतेक भाग एकाच स्वरावर म्हणून शेवटच्या दोन-चार अक्षरांवर स्वरांची वळणे घ्यायची असतात, आणि ती वळणे इंग्रजीत सहसा अर्थवाही, आघातयुक्त शब्दांवर पडतात. मराठी वाक्य क्रियापदात संपते. त्यामुळे स्तोत्राचे गद्य भाषांतर त्या चालीत घातले की सगळा स्वरविलास ‘आहे’, ‘आहेत’, ‘केले’ यांवर खर्ची पडतो आणि देव, दया, डोंगर ही बिचारी एका सुरात सपाट पळून जातात. छंदोबद्ध गीतांची अडचण निराळी : इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी पद्य लघुगुरूवर किंवा अक्षरसंख्येवर, आणि चालीच्या जड ठिकाणी ऱ्हस्व अक्षर आले की गायक ते दीर्घ करतो व शब्दाचा अर्थच तिरपा होतो. जुन्या भाषांतरित गीतांत या जखमा जागोजाग दिसतात, जरी ती म्हणणाऱ्यांना सवयीने त्या गोड वाटतात.

तोडगा बिशपच्या अधिकाराबाहेरून आला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये, ज्याच्यात बिशप हे पदच नव्हते, कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी पदे, आर्या व कीर्तन यांचा ख्रिस्ती कथनासाठी उपयोग केला. आणि नारायण वामन टिळक यांनी (बाप्तिस्मा 1895, निधन 1919) अभंगाचा साचाच ख्रिस्तभक्तीस जोडून दिला. टिळकांचे नाशिकशी नाते जन्माचे नसले तरी घडणीचे आहे : येथे ते गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले, जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाई व पुत्र देवदत्त यांच्या वास्तव्याने नाशिक हेच टिळक घराण्याचे ठिकाण ठरले. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा असून तो संग्रह पंथभेद न मानता मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या हाती रुळला. टिळकांची दीक्षा बिशपच्या हातची नसल्याने अँग्लिकन देवळात त्यांना भाकर मोडण्याचा अधिकार नव्हता, पण त्यांचे अभंग त्याच देवळात, त्याच भाकरीच्या वेळी, निर्वेधपणे गायले जात.

अँग्लिकनांच्या बाजूने या दिशेने विचार केला तो जॅक विन्स्लो यांनी. अहमदनगरकडे काम करीत असता त्यांनी 1920 च्या सुमारास हिंदी मनोवृत्तीस अनुरूप असा प्रभुभोजनविधी रचण्याचा पुरस्कार केला, 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. गोऱ्या पाद्र्याने खादी घालून मांडी घालून बसावे, हे त्या वेळच्या छावणीतल्या साहेबांस फारसे रुचले नसावे.

वाद्यांपैकी पेटीचा प्रवास मनोरंजक आहे. पायाने भाता मारण्याचा ‘हार्मोनियम’ 1842 मध्ये पॅरिसमध्ये सनदबद्ध झाला, मिशनऱ्यांच्या सामानातून तो इकडे पोचला, आणि कलकत्त्यास हातभात्याचे रूप घेऊन नाटककंपन्या व भजनी मंडळे यांच्या बैठकीत शिरला. तेथून, पुरता देशी होऊन, तबला व टाळ यांच्या संगतीने तो पुन्हा देवळात आला. मोठ्या देवळातील ऑर्गन शिकलेल्या वादकावाचून मुका असतो, पेटीचे तसे नाही. शाळामास्तरास दोन बोटांनी चाल काढता आली तरी मंडळी उभी राहते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत रामनामाचा आश्रम थाटला तोही याच शहरात, आणि गोदावरीच्या दोन्ही अंगांस त्या काळी संध्याकाळी पेटीचाच सूर निघत असे, रागदारीच्या शुद्धतेविषयी पलुसकरांचे मत काहीही असो.

गायनवृंदाचे स्वरूप स्थानपरत्वे बदलते. इंग्रजी उपासनेत पांढऱ्या झग्यांतील वृंद चार स्वरांत विभागलेला असतो. मराठी उपासनेत एकजण पुढे म्हणतो व बाकीचे धरतात, ही कीर्तन-भजनाचीच रीत. वादक व पुढे म्हणणारा यांना मानधन असलेच तर नाममात्र असते, आणि पिढीजात हक्काने नसले तरी पिढीजात सवयीने ही कामे काही घरांतच राहतात. नाताळच्या दिवसांत ही मंडळी ढोलकी-पेटी घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात, तेव्हा पाळक असलाच तर मागे, चहाच्या कपाशी, उभा असतो.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन चर्च अन्य पाच चर्चांसह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये विलीन झाले. बिशपविना शतकभर नांदलेल्या मंडळ्यांनी बिशप स्वीकारावा की नाही, आणि त्यांच्या पाळकांची पूर्वीची दीक्षा कोणत्या रीतीने मान्य करावी, यांवर त्याआधी वाटाघाटींची चार दशके गेली होती. गीतपुस्तकाच्या बाबतीत मराठी मंडळ्यांना असा ठराव करावा लागला नाही. ते सामाईकच होते.