अहीर माशाची बंद झालेली वाट

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. इथून अरबी समुद्र जवळ आहे, पण कृष्णा वाहते पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. सापासारख्या लांबट अहीर माशाची वाटही तीच. तो नदीत वर्षानुवर्षं वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो, आयुष्यात एकदाच. त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीच्या मुखातून शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध वर चढतात.

1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली. त्यात अहिराला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. पण ग्रे यांनी 1831 मध्येच ‘बेंगालेन्सिस’ हे नाव दिलं होतं, तेच टिकलं.

साइक्स यांच्या काळात कृष्णेवर एकही मोठं धरण नव्हतं. पुढे 1855 मध्ये विजयवाड्याचा बंधारा झाला, 1967 मध्ये नागार्जुनसागर, मग श्रीशैलम, आलमट्टी. अहिराचं पिल्लू ओल्या खडकावरून सरपटत चढतं, पण 124 मीटरची भिंत त्याच्या आवाक्यातली नाही.

कृष्णेत काटेरी वामही असते. दिसायला ती अहिरासारखीच, पण जन्मभर नदीतच राहते. जाळ्यात वाम येत राहते, म्हणून अहीर कमी झाला तरी चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.