मेस्ताचं व्हायोलिन

विश्रांतवाडीत जुनं युरोपीय संगीत कोण ऐकणार, असं विचारतात. अहो, ते आपल्या कानांवर कधीचंच पडलंय! पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लिहिलेले स्वर वाचून गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा तो मेस्त. (सक्तीची धर्मांतरंही त्याच राजवटीतली, हे झाकायचं कशाला?) माजोर्ड्यातल्या अशाच एका मेस्ताचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेमात आले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचंच नाव आहे. आणि मध्ययुगीन युरोपात जन्मलेला मोतेत हा गानप्रकार? ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोव्यातल्या चर्चांमध्ये तो लॅटिन-कोंकणीत आजही गातात. प्रचार करायचाच, तर महागड्या सभागृहाऐवजी त्या गावगायकांना इथं बोलवा.