मुळशीचं बुकिंग

जुलै 2024 च्या शेवटच्या विकांताला आमचं मुळशीचं बुकिंग होतं. दोन खोल्या, दोन रात्री, 'लेक व्ह्यू', नाश्ता धरून. गुरुवारी, 25 तारखेला, सकाळपासूनच फोनवर पुराचे व्हिडिओ यायला लागले. ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस झाला होता. पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे पडतो, म्हणजे बघा. आदरवाडीजवळ दरड कोसळून एकाचा जीव गेला. धरणं, धबधबे, घाट पर्यटकांसाठी बंद असल्याचं प्रशासनाने जाहीर केलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एक कुटुंब वाहून गेल्यावर, जिल्ह्यात मनाई आदेश निघालेच होते. त्या यादीत मुळशी धरण आणि ताम्हिणी दोन्ही होते.

मी रिसॉर्टवाल्याला फोन केला. संवाद साधारण असा झाला.

"रिसॉर्ट चालू आहे का?"
"हो सर, चालू आहे."
"मग यायचं का?"
"ते तुम्ही ठरवा सर."
"नाही आलो तर पैसे परत?"
"आम्ही चालू आहोत ना सर, मग रिफंड कसा देणार?"
"पण रस्ता बंद झाला तर?"
"ते आमच्या हातात नाही सर."

लॉजिक म्हणून यात चूक काढायला जागा नाही. अशी कंडिशन मी कोडमध्ये लिहिली असती तर टेस्टिंगवाल्याने दुसऱ्या मिनिटाला बग टाकला असता, ती गोष्ट वेगळी. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर सहा महिन्यांचं व्हाउचर मिळालं. असो.

सोमवारी हापिसात हे रडगाणं गात होतो, तर शेजारच्या क्युबिकलमधल्या सहकाऱ्याने त्याच्या सासू-सासऱ्यांची गोष्ट काढली. आयुष्यभराची पुंजी मोडून (तो असंच म्हणाला, पण सासरेबुवा बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे पुंजी बरीच शिल्लक असावी) त्यांनी भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. जाहिरातीत व्हेनिस. तिकिटावर व्हेनिस. प्रत्यक्षात बोट लागली राव्हेन्नाला, आणि तिथून व्हेनिसला बसने दोन-अडीच तास. तक्रार केली तर कंपनीने बारीक अक्षरातली अट दाखवली: बंदर बदलण्याचा अधिकार आमच्याकडे राखून आहे.

मी उत्सुकतेने जालावर शोधलं. व्हेनिसचं प्रकरण बरंच जुनं निघालं. तिथे दहा-बारा मजली बोटी थेट सान मार्कोच्या चौकासमोरून, ज्युदेक्का नावाच्या कालव्यातून जायच्या. जानेवारी 2012 मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ इटलीच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाला आपटून कलंडली आणि बत्तीस माणसं गेली. दोन महिन्यांत सरकारने मोठ्या बोटींवर बंधनं घालणारा आदेश काढला. पण व्हेनिसमध्ये पर्यायी मार्ग तयार होईपर्यंत तो लागू नाही, अशी मेख त्यात होती. मार्ग काही तयार झाला नाही. जून 2019 मध्ये एक क्रूझ ताबा सुटून त्याच कालव्यातल्या धक्क्यावर आदळली, तरी आणखी दोन वर्षं गेली. शेवटी 1 ऑगस्ट 2021 पासून 25 हजार टनांवरच्या बोटींना तो कालवा बंद झाला. मधली नऊ वर्षं गावातले लोक छोट्या होड्या घेऊन बोटींसमोर निदर्शनं करत होते.

व्हेनिसला निदान उशिरा का होईना, ऐकणारं सरकार मिळालं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट नावाचं बेटावरचं गाव आहे. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये रीतसर मतदान करून ठरवलं, की तेराशेहून जास्त माणसं नेणारी बोट नको आणि दिवसाला बोटींतून दीड हजारांहून जास्त प्रवासी उतरायला नकोत. आठ महिन्यांच्या आत राज्य सरकारने कायदा करून हा निकाल रद्दबातल ठरवला. उलट तिकडे वर मेन राज्यातल्या बार हार्बरने 2022 मध्ये रोज एक हजार प्रवाशांची मर्यादा घातली. व्यापारी कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कोर्टाने ती मर्यादा बहुतांशी उचलून धरली. गंमत म्हणजे नियम येण्याआधी ज्या बोटींचं बुकिंग मान्य झालं होतं त्यांना गावाने सूट दिली होती. बुकिंगवाल्याचा एवढा विचार! आमच्या रिसॉर्टवाल्याने शिकावं.

सासूबाईंना या कशाशीच देणंघेणं नव्हतं. "एवढे पैसे भरले, आणि गावातले लोक कोण आम्हाला नाही म्हणणारे?" असा त्यांचा सवाल होता. आणि खरं सांगतो, गुरुवारी फोन ठेवल्यावर माझ्याही मनात अगदी हाच सवाल होता.

पण मी ज्या तळ्याचा व्ह्यू मिळाला नाही म्हणून कुरकुरत होतो, ते तळंच मुळी तिथल्या लोकांनी 'नाही' म्हटल्यावर झालेलं आहे.

मुळशीचा तलाव नैसर्गिक नाही हे बहुतेकांना माहीत असतं. 'टाटांचं धरण' एवढंही माहीत असतं. पुढे गाडी भज्यांकडे वळते. तर गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरची. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं होतं, भिवपुरीचं व्हायच्या मार्गावर होतं. तिसऱ्यासाठी 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि जागा ठरली मुळशी पेटा. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं आणि ते पाणी पूर्वेला जाऊ न देता बोगद्यातून कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला खाली सोडायचं. (कोलाडला राफ्टिंग करता ना? ते तिकडून वीज करून सुटलेल्या पाण्यावर चालतं. पाणी सुटलं नाही तर तेही बुकिंग गेलं.)

इंजिनिअरिंग म्हणून योजना झकास होती. सह्याद्रीचा पाऊस, दीड हजार फुटांहून जास्त उंचीवरून थेट उडी आणि पायथ्याशी मुंबई. अडचण एवढीच, की खोऱ्यात पन्नासेक गावं होती. भात पिकवणारी, आंबेमोहोरासाठी नाव असलेली. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे आपण वंशज, असं सांगणारी माणसं. त्यांना कोणी विचारलंच नाही. कंपनीची माणसं सरळ शेतात येऊन चाचणीचे चर खणायला लागली. एका कुळाने हरकत घेतली, तर इंजिनिअरने पिस्तूल दाखवलं. बोभाटा झाला तो यामुळे.

नंतर कायदा आलाच. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचा एक वेगळा भागच होता. सरकारने मान्यता दिली की झालं. मालकाने भरपाई किती यावर भांडावं. द्यायची की नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी नाहीच.

विनायकराव भुस्कुटे नावाच्या कार्यकर्त्याने खोऱ्यात फिरून लोकांना उभं केलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. 16 एप्रिल 1921, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. त्याच महिन्यात गांधींनी 'यंग इंडिया'त त्यांच्या बाजूने लिहिलं. महिनाभरात कंपनीने सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं. म्हणजे पहिल्या फेरीत 'नाही' चाललं!

हे वाचताना मला वाटलं, आता पुढे सरकार आणि कंपनी मिळून दडपणार. दडपलं, पण आंदोलन मोडायचं कारण तेवढंच नव्हतं. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिलंय त्यातून हे नीट कळतं. पुष्कळ जमिनींवर नाव सावकाराचं होतं आणि कसणारा वेगळा. सावकारांतले बरेच पुण्यात राहणारे. त्यांना धरण नको होतं असं नाही, भाव बरा हवा होता. भाव बरा मिळतोय म्हटल्यावर त्यांना तडजोड पटली. शेतावरच्या माणसाला मात्र पैशात बदली मिळणारी ती वस्तूच नव्हती. गेलं तर घर, भात, देव, शेजार सगळं एकदम जाणार, आणि जायचं कुठे ते कोणी सांगेना. पुण्यातल्या पुढाऱ्यांतही फूट पडली. लढा देशाचा की पन्नास गावांचा, यावर वाद.

डिसेंबर 1921 मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला तेव्हा अटकसत्र चालू झालं. बायका, म्हातारे, सगळे तुरुंगात गेले. शिवरामपंत परांजप्यांसारखा 'काळ'कर्ता संपादकही त्यात होता. आणि पांडुरंग महादेव बापट. पारनेरचा हा माणूस विलायतेला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आला. मुळशीने त्याला 'सेनापती' केलं. पुण्यातल्या ज्या एसबी रोडवर आपण सिग्नलला वीस मिनिटं काढतो, तो सेनापती बापट रस्ता. मी त्या रस्त्यावरच्या एका हापिसात तीन वर्षं काम केलं आणि हे सेनापती कुठल्या सैन्याचे, असा प्रश्न एकदाही पडला नाही. लाज वाटली. (आता हापिस हिंजवडीत आहे, म्हणजे कागदोपत्री मुळशी तालुक्यातच. मुळशीला मी रोज जातो, बुकिंगशिवाय.)

बापट सुटून आले की पुन्हा मुळशीलाच जायचे. पण धरणाची भिंत दरवेळी थोडी वर गेलेली असायची आणि सोबतची माणसं थोडी कमी झालेली. एकेकाने भरपाई घेतली, उठून गेले. उरलेल्यांना त्यांनी 'शुद्ध सत्याग्रह' नावाचं स्वतःचं तत्त्वज्ञान सांगायला सुरुवात केली. त्यात मालमत्तेची मोडतोड चालत होती. म्हणजे गांधींपासून बरंच लांब. डिसेंबर 1924 मध्ये मोजके साथीदार घेऊन त्यांनी रुळांवर दगड टाकून धरणाच्या कामाची गाडी अडवली. गोळ्या झाडल्या. सात वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात.

सहकाऱ्याला मी हे सगळं जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "पण मुंबईला वीज तर लागत होती ना?" लागत होती. मीही नाही म्हणत नाही. ती वीज वापरून उभ्या राहिलेल्या शहरामुळेच तुझी-माझी नोकरी आहे, असंही कोणी म्हणेल. पण मग व्हेनिसच्या धंद्यालाही प्रवासी लागतातच, आणि की वेस्टच्या दुकानदारांनाही. गरज खरी असते हो प्रत्येकाची. माझ्या सासूबाई असत्या तर त्या...असो, त्यांना इथे नको ओढायला.

जुलैमधला मुळशीचा आदेश अर्थात वेगळ्या जातीचा. तो माझा जीव वाचावा म्हणून होता, आणि मी त्यावर चिडलो होतो ते तीन दिवस, सात-साडेसात हजार रुपयांसाठी. व्हाउचर जानेवारीत संपलं. वापरलं नाही.

भिऱ्याचं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं. बापट सुटले 1931 साली.